शमीम, लिबखार पुन्हा बांधली

शमीम, तू असतीस तर ही गोष्ट तूच सांगितली असतीस, तीही उभी राहून, हातवारे करून. तू नाहीस, तेव्हा माझी फजिती आता मलाच सांगू दे.

तेव्हा चाळिशी ओलांडलेली मी. अंगावर कडक स्टार्चची साडी, पर्समध्ये फ्लॉपी, आणि चेहरा असा की संगणक जणू मीच शोधून काढलाय. अमरावती-अकोला बसमध्ये खिडकीची जागा मी बळकावली होती, कारण त्या दिवशी प्रोग्राम मी दाखवणार होते. अकोल्याच्या माती-पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेत मंडळी खुर्च्या टाकून बसली होती. मी फ्लॉपी घातली, प्रोग्राम त्यांच्या मशीनवर उतरवला, ऐटीत बटण दाबलं. पडद्यावर एकच ओळ आली: लायब्ररी सापडत नाही.

मी आधी विजेला बोल लावला. मग मॉनिटरच्या वायरला. शेवटी काहीच सुचेना तेव्हा म्हणाले, "अकोल्याचं ऊन आहे हो साहेब, मशीन तापलं असेल." त्या भल्या माणसांनी माझ्यावर विश्वास ठेवला! कूलर ओढून आणला आणि त्याचं तोंड संगणकाकडे केलं. सगळे घामाघूम, आणि संगणक गार हवा खातोय. तेव्हा तू माझ्या कानाशी वाकलीस. कुजबुजणं तुला जन्मात जमलं नाही, त्यामुळे मागच्या रांगेपर्यंत ऐकू गेलं.

"मशीन नाई तापलं वं निम्मे. लायब्ररी घरी रायली."

निम्मी म्हणजे मी, आणि लायब्ररी खरंच घरी राहिली होती. प्रोग्राम मी नेला, आणि तो ज्याच्या जिवावर चालतो ते अमरावतीतच ठेवून आले. कॉलेजातल्या मशीनवर दोन्ही शेजारी होते, म्हणून तिथे सगळं सुरळीत. परतीच्या बसमध्ये मूर्तिजापूर येईपर्यंत मी तुझ्याशी बोलले नाही. चूक माझी, आणि रुसवाही माझाच. पुढे तू डबा उघडलास आणि वांग्याच्या भाजीपुढे माझा स्वाभिमान टिकला नाही.

आता ज्यांना आपला धंदा माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते, तू मध्ये बोलू नकोस. आपण दोघी अमरावतीच्या एका कॉलेजात शिकवायचो, आणि शिकवून उरलेल्या वेळात विहिरीच्या पाण्याचं गणित संगणकाला शिकवत होतो. पूर्णा नदीच्या दोन्ही अंगांनी आपला खारपाणपट्टा, खाऱ्या पाण्याचा. विहिरीला पाणी लागतं, पण ते पिकाला द्यावं की नाही हे चवीवरून कळत नाही. त्यात सोडियम किती, कॅल्शियम किती, एकूण क्षार किती, हे प्रयोगशाळा मोजते. त्या आकड्यांवरून 'चालेल' की 'नको' हे ठरवणारे हिशेब आपण लिहिले. असे हिशेब एकत्र बांधून ठेवले की त्याला लायब्ररी म्हणतात. मग ज्याला प्रोग्राम लिहायचा त्याने लिहावा, हिशेब आपल्या लायब्ररीकडून घ्यावेत. नाव तू ठेवलंस, लिबखार: लायब्ररीतलं लिब, पाण्यातला खार.

आणि ती बांधायची कशी, यावर आपलं आयुष्यभर भांडण.

लिहिलेला मजकूर, म्हणजे सोर्स, एकच. त्यातून दोन तऱ्हेच्या लायब्रऱ्या बांधता येतात. एक स्टॅटिक: प्रोग्राम तयार करताना त्याला लागणारे हिशेब त्याच्या पोटातच भरून टाकायचे. मग तो कुठेही जाओ, कोणाकडे हात पसरायचा नाही. दुसरी शेअर्ड: हिशेब मशीनवर एकाच जागी ठेवायचे, आणि सगळ्या प्रोग्रामांनी चालताना तिथून घ्यायचे. मी शेअर्डवाली. एका जागी चूक दुरुस्त केली की सगळीकडे दुरुस्त, हे मला फार भारी वाटायचं. तू कट्टर स्टॅटिकवाली.

गंमत म्हणजे तू अचलपूरच्या भरल्या घरातली. एका चुलीवर सगळ्या जावांचा स्वयंपाक, एका बंबावर सगळ्यांची आंघोळ. आणि मी राजाराणीच्या संसारातली, जिच्या घरी कोणी पाहुणा दोन दिवसांवर राहिला की कपाळ दुखायचं. मी तुला म्हणायचे, "घरात एवढा शेअर्ड कारभार, अन् इथं आपलं आपलं?"

"म्हनूनच तं सांगून रायली," तू म्हणायचीस. "एका जावेनं मीठ जास्त टाकलं का अख्खं घर पानी पिते. तुले काय मालूम?"

अकोल्यात मात्र मी जिंकले. कूलरच्या त्या फजितीनंतर खरं तर स्टॅटिकच द्यायला हवं होतं, पण मी हट्टाला पेटले आणि पुढच्या खेपेला लायब्ररी वेगळ्या फ्लॉपीवर नेऊन शेअर्डच बसवली. तू एवढंच म्हणालीस, "बसव. मशीन बदललं का मले बोलाव." मशीन बदलायला वर्षंच्या वर्षं गेली. आपण दोघी निवृत्त झालो, माझी नात कमवायला लागली, आणि अकोल्यात ते जुनं धूड आपलं चालूच.

निवृत्तीनंतर मी लोणची घातली आणि गुडघे शेकले. तू मात्र दर्यापूर-मूर्तिजापूरकडच्या विहिरी पालथ्या घातल्यास. आपल्या कागदाने 'चालेल' म्हटलेल्या विहिरींची वावरं तू पुन्हा जाऊन पाहिलीस. कुठे माती तडकून दगड झालेली, कुठे वर पांढरं फुटलेलं. मला फोन करून म्हणालीस, "निम्मे, पुस्तकातली मर्यादा हलक्या जमिनीची हाये वं. आपली काळी माती चिकट. थे मीठ धरून ठेवते. आपन चुकलो." मी म्हणाले, पुस्तक चुकलं म्हण. तू म्हणालीस, "कागदावर सही आपली हाये का पुस्तकाची?" मग तू हिशेब पुन्हा लिहिलेस, मर्यादा कडक केल्यास, आणि नवा सोर्स मला पाठवलास. तो अकोल्याला पोचवायचा राहिला. आधी तुझ्या डोळ्यांचं ऑपरेशन, मग माझा गुडघा, मग तुझं हे दुखणं.

शेवटची भेट मला आठवते तशी तुला आवडली नसती. अचलपूरच्या घरी तू पलंगावर, उशीला टेकून, आणि तरी वाद घालणारी. मी म्हणाले, सगळं जग माझ्या शेअर्डच्या बाजूने गेलं, बघ. तू हसलीस. "तुयं जग कधीच वापस आलं. आजकालचे पोट्टे तं प्रोग्रामसंगं अख्खं घर डब्यात भरून पाठवतेत, चूलबिल, बंदं." नात पुण्याहून हेच सांगते, पण तिचं ऐकलं तर आजीपण जातं. मग तू जरा दमलीस, डोळे मिटलेस, आणि म्हणालीस, "मी गेल्यावर तू बंदं शेअर्डच करशीन, मले मालूम हाय. पन थांब, एक सांगाचं हाये..." आणि मी घड्याळ पाहिलं. अमरावतीची बस होती. म्हणाले, "पुढच्या वेळी सांग, भांडायला विषय उरू दे."

पुढची वेळ आली नाही. अचलपूरला तुझ्या घरी बायकांमध्ये जाऊन बसले तेव्हा तुझ्या कोणा नातेवाईक बाईने विचारलं, आपण कोण? मैत्रीण म्हणणार होते. तोंडातून निघालं, "मी तिची भांडणारी." तिने जागा करून दिली. तुझ्याकडच्या लोकांना ते बरोबर कळलं.

मग वैशालीचा फोन आला. आपली विद्यार्थिनी, परीक्षेत नेहमी शेवटचा नंबर धरून बसायची ती. आता तीच अकोल्याची प्रयोगशाळा चालवते. जुनं मशीन अखेर बंद पडलं होतं. नवं आलं, त्यावर जुना प्रोग्राम उठतच नव्हता, कारण त्याला चालताना लागणाऱ्या जुन्या वस्तू नव्या मशीनवर नव्हत्याच. ऐकतेस ना? स्टॅटिक असता तर बहुतेक उठला असता. हे वाक्य मी आयुष्यात एकदाच लिहीन, नीट वाचून घे.

वैशाली म्हणाली, "मॅडम, नाही जमलं तर बाजारातलं विकतचं लावावं लागते. लोकं बाटल्या घेऊन बसून रायले. पन त्यात पुस्तकातलेच आकडे आहेत."

पुस्तकातलेच. म्हणजे तू हिंडून पाहिलेली वावरं, तडकलेली माती, उन्हात काढलेले ते सगळे दिवस, माझ्या कपाटातल्या मशीनमध्ये तसेच पडून राहणार, आणि अकोल्यात पुन्हा 'चालेल'चे कागद निघणार. कपाटातलं ते मशीन, म्हणजे नातीचा जुना लॅपटॉप, मी पिशवीत घातला आणि दुसऱ्या दिवशी सकाळची बस पकडली. या वेळी लायब्ररी घेतली की नाही, हे बसस्टँडवर तीनदा पाहिलं. खिडकीची जागा मिळाली होती, पण मी आतल्या बाजूला बसले. का, ते विचारू नकोस.

प्रयोगशाळेत बाकावर एक बाई बसली होती. दर्यापूरकडची, साठीच्या घरातली, मांडीवर थंड पेयाची मोठी बाटली, तिच्यात विहिरीचं पाणी. तिच्या पाण्याची तपासणी झाली होती; अहवाल तेवढा निघायचा होता. "मशीन कवा सुरू होते बाई?" तिने मला विचारलं. मी म्हणाले, "मी सुरू करते, जरा धीर धरा." तिने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं, पांढऱ्या केसांपासून गुडघ्याच्या पट्ट्यापर्यंत, आणि बाटली बाजूला ठेवून आरामात मांडी घातली. वेळ लागणार हे तिला कळलं.

तुझा नवा सोर्स नव्या मशीनवर उतरवला. एकेक फाइल कंपाइल करून मशीनच्या भाषेत आणली. बोटं अडखळत होती, पण हात विसरले नव्हते. सगळे तुकडे तयार झाले आणि जोडायला घेतले, तर मशीन बोंबलायला लागलं: अमुक हिशेब सापडत नाही, तमुक सापडत नाही. हिशेब तर समोर होते! मी तीच आज्ञा तीनदा दिली, जणू माझा आवाज चढला की मशीन ऐकेल. आणि मग तुझाच आवाज कानात आला, ते कॉलेजातल्या पोरांना घोकून घ्यायचीस ते: "आंधी मांगनारा, मंग देनारा." जोडताना प्रोग्रामचं नाव आधी लिहायचं, लायब्ररीचं मागून. कोणी मागितलंच नाही तर लायब्ररी आपणहून काही देत नाही, पुढे निघून जाते. मी लायब्ररी आधी लिहिली होती. जागा बदलली. गप जोडलं गेलं.

आणि हो, सगळं शेअर्ड बांधलं. तू नव्हतीस अडवायला. खोटं कशाला बोलू, जिंकल्यासारखं वाटलं, आणि लगेच फार वाईट वाटलं. समोर कोणी नसताना जिंकण्यात काय आहे?

वैशाली म्हणाली, "मॅडम, एकदा पडताळून पाहू." आपली जुनी रीत तिने धरून ठेवलीय: नवीन बांधलेलं काहीही जुन्या आकड्यांवर चालवून पाहायचं, जुन्या कागदाशी जुळलं तरच पुढे. बाकावरच्या बाईकडे तिच्या विहिरीचा जुना अहवाल होता, चार घड्या पडलेला. वैशालीने त्या वर्षीचे आकडे काढले आणि जुने अहवाल पुन्हा छापणारा प्रोग्राम चालवला. कागदावर लिहिलं होतं 'चालेल'. प्रिंटरमधून आलं, 'नको'.

मला वाटलं, बांधणीत कुठे तरी माती खाल्ली. सगळं पुसलं, पुन्हा कंपाइल केलं, पुन्हा जोडलं. पुन्हा 'नको'. वैशाली माझ्याकडे पाहू लागली, तशी नजर मी पूर्वी तिच्याकडे पाहताना वापरायचे. मी तोंडावर पाणी मारायला उठले, आणि नळापाशी डोक्यात उजेड पडला. बांधणी ठीक होती. चूक कुठेच नव्हती. तुझी कडक केलेली मर्यादा, एका जागी दुरुस्त केलेली, आता सगळीकडे पोचली होती. माझ्या लाडक्या शेअर्डने आपलं काम चोख केलं होतं, आणि वर्षांपूर्वीच्या कागदावर जाऊन आजची सही केली होती.

जुना अहवाल पुन्हा छापताना जुनंच यायला हवं. आपण तेव्हा 'चालेल' म्हटलं होतं, हे लपवून चालणार नाही. तूच म्हणाली होतीस ना, सही आपली आहे.

मग मी ते केलं जे तू मला इतकी वर्षं सांगत होतीस. जुने अहवाल छापणाऱ्या प्रोग्रामला जुन्या सोर्सची लायब्ररी स्टॅटिक बांधून त्याच्या पोटात भरली. त्याला आता बाहेरून काही लागणार नाही, त्याला कोणी बदलणारही नाही. नव्या अहवालांच्या प्रोग्रामला तुझी नवी लायब्ररी, शेअर्ड. पुढे कोणी तुझ्यासारखं हिंडून आणखी नीट पाहिलं, तर त्याची दुरुस्ती तिथे पोचेल. जुन्याचं जुनं आलं, 'चालेल'. आजच्या बाटलीचं आलं, 'नको'.

पलंगावर टेकून तू हेच सांगणार होतीस का? मला वाटतं, हो. पण तुझा भरवसा नाही. कदाचित 'तुझ्या लोणच्यात मीठ कमी असतं' एवढंच सांगायचं असेल. मी घड्याळ पाहिलं नसतं तर कळलं असतं. हे मात्र आता कोणत्याही सोर्समधून बांधता येत नाही. वाईट वाटतं, पण तेवढ्यापुरतंच. तुझ्याशी भांडताना जी वर्षं गेली ती त्यापुढे खूप आहेत. आभार मानायचे तर तू हयात असताना मानायला हवे होते. मानले असते तर तू म्हणाली असतीस, "डोकं फिरलं का वं?" म्हणून नाही मानले. आता मानते, उलट बोलायला तू नाहीस तोवर.

दोन्ही कागद हातात घेऊन मी त्या बाईपाशी जाऊन बसले. हे काम वैशालीचं होतं, पण मी तिला करू दिलं नाही. सांगितलं की तेव्हा आमचं चुकलं, पाणी चालेल म्हणून लिहून दिलं. आपल्या काळ्या मातीला ते जड आहे. ती म्हणाली, "तरीच. वावर फरशीसारखं झालं. मायी सून म्हने तुमी नांगरत नाई नीट." मी म्हणाले, सुनेला सांगा नांगराचा दोष नाही. मग आजच्या अहवालाखालच्या, तू लिहून ठेवलेल्या ओळी वाचून दाखवल्या: जिप्सम टाका, हे पाणी नुसतं देऊ नका, शेततळ्याचं मिसळून द्या, तेही पीक अगदी सुकायला लागलं तरच.

"हे मशीन सांगून रायलं का तुमी?" तिने विचारलं.

"शमीमबाई सांगते," मी म्हणाले. "तिनं तुमच्याकडची वावरं हिंडून पाहिली."

"शमीमबाई. उंच, चष्म्यावाली? आमच्या शेजाऱ्याच्या वावरात आली होती थे. माती हातात घेऊन चुरत होती." आणि तिने खुश होऊन मान हलवली, जणू ओळखीच्या माणसाचा निरोप आला.

तू गेलीस, हे मी तिला सांगितलं नाही. तोंड उघडलं होतं, पण तिने दोन्ही कागद एकात एक घालून घडी केली, पदराच्या टोकात बांधले, बाटली काखेत मारली आणि दाराशी पोचली. तिथून वळून तिने तुझ्यासाठी निरोप दिला. जसा दिला तसा पोचवते:

"त्या बाईले सांगजा, पावसाळा सरला का मी अजून पानी घेऊन येतो. म्हना, तवा बी असंच तोंडावर सांगजो."